पापडी परिसरातील लोकसमूह आणि पदवी अभ्यासक्रमाची आखणी : चिकानो अध्ययनाच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :

एखाद्या लोकसमूहाचा इतिहास विद्यापीठीय अभ्यासक्रमात समाविष्ट होतो, तेव्हा त्या समूहाला केवळ मान मिळतो असे नाही. त्याची साधने जतन होतात, त्याच्याविषयी प्रश्न विचारले जातात आणि त्याच्या आठवणींना पुराव्याची कसोटी लागते. याउलट जो समूह अभ्यासक्रमाबाहेर राहतो त्याचा इतिहास उत्सवांच्या स्मरणिका, घराण्यांच्या आख्यायिका आणि वृद्धांच्या आठवणी यांतच शिल्लक राहतो, आणि ती पिढी गेली की तोही संपुष्टात येतो. उत्तर कोकणातील वसई तालुक्याच्या बाबतीत हा धोका आज प्रत्यक्षात जाणवत आहे. वसईच्या किल्ल्यावर, पोर्तुगीज सत्तेवर आणि चिमाजी अप्पांच्या मोहिमेवर विपुल लेखन झाले आहे. परंतु पापडी, सांडोर, गिरीज, भुईगाव, गास, निर्मळ, नंदाखाल, आगाशी या गावांत राहणाऱ्या कुपारी, वाडवळ, कोळी, भंडारी, मुस्लिम, वारली व कातकरी समाजांचा सलग अभ्यास पदवीच्या वर्गात क्वचितच शिकविला जातो.

प्रस्तुत लेखात असा अभ्यासक्रम कसा आखता येईल याचा विचार केला आहे. त्यासाठी तुलनेचा आधार म्हणून अमेरिकेतील चिकानो अध्ययन ही ज्ञानशाखा घेतली आहे. मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन नागरिकांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्वतःच्या इतिहासाची पदवी मागितली, तिचा आराखडा स्वतः तयार केला आणि पुढील अर्धशतकात तिचे यश व अपयश दोन्ही अनुभवले. या अनुभवातून पापडीसारख्या ठिकाणी काय घ्यावे व काय घेऊ नये, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

चिकानो अध्ययनाचा उदय :

२ फेब्रुवारी १८४८ रोजी झालेल्या ग्वादालूपे हिदाल्गोच्या तहाने मेक्सिकोचा फार मोठा प्रदेश अमेरिकेच्या ताब्यात गेला. तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारी स्पॅनिश भाषक माणसे जागची हलली नाहीत. त्यांच्यावरील राज्य बदलले. तहात त्यांना नागरिकत्वाची व मालमत्तेची हमी दिली असली, तरी पुढील काळात त्यांच्या जमिनी मोठ्या प्रमाणावर गेल्या. पुढे मेक्सिकोतून आलेल्या शेतमजुरांची त्यांत भर पडली. शाळांमधून त्यांच्या मुलांना स्पॅनिश बोलण्यास मज्जाव होता आणि पाठ्यपुस्तकांत त्यांच्या पूर्वजांचा उल्लेख पराभूत म्हणूनच येत असे.

१९६५ मध्ये कॅलिफोर्नियातील डेलानो येथे द्राक्षमळ्यांतील मजुरांचा संप सुरू झाला आणि सीझर चावेझ यांचे नेतृत्व पुढे आले. मार्च १९६८ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसमधील हजारो शाळकरी विद्यार्थ्यांनी वर्गावर बहिष्कार टाकला. त्यांच्या मागण्यांमध्ये आपल्या समाजाचा इतिहास शिकविला जावा ही एक प्रमुख मागणी होती. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या राज्य महाविद्यालयात या विषयाचा विभाग सुरू झाला. १९६९ मध्ये सॅन फर्नांडो व्हॅली महाविद्यालयात इतिहासकार रोडोल्फो अकुन्या यांच्या नेतृत्वाखाली दुसरा महत्त्वाचा विभाग उभा राहिला. त्यांचा 'ऑक्युपाइड अमेरिका' हा १९७२ मध्ये प्रकाशित झालेला ग्रंथ दीर्घकाळ या शाखेचे प्रमुख पाठ्यपुस्तक राहिला.

या साऱ्या प्रयत्नांना सूत्रबद्ध रूप मिळाले ते एप्रिल १९६९ मध्ये. सांता बार्बारा येथे विद्यार्थी, प्राध्यापक व कार्यकर्ते एकत्र आले आणि त्यांनी 'प्लान दे सांता बार्बारा' या नावाचा आराखडा तयार केला. एका समाजाने उच्च शिक्षणाविषयी स्वतः लिहिलेली ही सनदच होय. विद्यार्थ्यांचा प्रवेश, त्यांना लागणारे साहाय्य, अभ्यासक्रम, संशोधन आणि विद्यापीठाचे वस्तीशी असणारे नाते या सर्वांचा त्यात एकत्र विचार होता व अभ्यासक्रमांचे नमुनेही जोडलेले होते. वर्गात मिळविलेले ज्ञान वस्तीच्या उपयोगी पडावे आणि वस्तीतील ज्ञानाला वर्गात स्थान मिळावे, हे या आराखड्याचे मूळ तत्त्व होते.

आराखड्याच्या मर्यादा :

या सनदेचे महत्त्व मान्य करूनही तिच्या मर्यादांकडे दुर्लक्ष करता येत नाही. पहिली मर्यादा स्त्रियांविषयीची होती. चळवळीत बरोबरीने राबणाऱ्या स्त्रियांचा स्वतंत्र अनुभव आराखड्यात आला नाही. १९७० च्या दशकात चिकाना स्त्रियांनी हा प्रश्न लावून धरला. या शाखेच्या राष्ट्रीय संघटनेच्या नावात 'चिकाना' हा शब्द मात्र १९९५ मध्ये समाविष्ट झाला. म्हणजे आराखड्यानंतर तब्बल २६ वर्षांनी संघटनेच्या नावात स्त्रियांची नोंद झाली.

दुसरी मर्यादा उगमकथेची होती. चळवळीने 'अस्त्लान' या अस्तेक लोकांच्या पौराणिक मूलभूमीला आपल्या मायभूमीचे रूप दिले. लोकांना एकत्र आणण्यासाठी ही कल्पना प्रभावी ठरली; परंतु इतिहासाच्या वर्गात श्रद्धा आणि पुरावा यांतील अंतर सांभाळणे त्यामुळे कठीण झाले. त्याच प्रदेशात आधीपासून राहणाऱ्या इतर आदिवासी जमातींच्या हक्काचा प्रश्नही त्यातून उपस्थित झाला.

तिसरी बाब सत्तेची. २०१० मध्ये ॲरिझोना राज्याने केलेल्या कायद्याच्या आधारे टूसॉन येथील शाळांमधील मेक्सिकन-अमेरिकन अध्ययनाचा कार्यक्रम बंद पाडण्यात आला. २०१७ मध्ये संघराज्य न्यायालयाने ही कारवाई वंशद्वेषातून झाल्याचा निर्णय दिला. याउलट २०२० मध्ये कॅलिफोर्नियाने आपल्या राज्य विद्यापीठाच्या सर्व विद्यार्थ्यांना वांशिक अध्ययनाचा एक अभ्यासक्रम अनिवार्य करणारा कायदा केला. एकाच विषयाची एका राज्यात बंदी आणि शेजारच्या राज्यात सक्ती, ही स्थिती लक्षात घेता असा अभ्यासक्रम आखताना केवळ शैक्षणिक बाजू पाहून चालत नाही, हे स्पष्ट होते.

महाराष्ट्रातील पूर्वपरंपरा :

अभ्यासक्रम आणि सामाजिक चळवळ यांचे नाते महाराष्ट्राला नवीन नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबाद येथे सुरू केलेल्या महाविद्यालयातून दलित साहित्याची एक पिढी घडली. १९५८ मध्ये मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले आणि १९७२ मध्ये दलित पँथरची स्थापना झाली. पुढे मराठीच्या पदवी वर्गांत दलित साहित्य शिकविले जाऊ लागले व आंबेडकर विचारांचे स्वतंत्र विभागही सुरू झाले. १९७४ मध्ये श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात स्त्री-अभ्यासाचे संशोधन केंद्र उभे राहिले. या दोन्ही शाखांनी चिकानो अध्ययनाप्रमाणेच 'ज्याच्यावर लिहिले जाते, त्याने स्वतः लिहावे' हा आग्रह धरला. प्रादेशिक लोकसमूहांच्या बाबतीत मात्र असा आग्रह तुलनेने कमी दिसून येतो.

वसईचा इतिहास आणि त्यातील मौन :

२३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या सुलतान बहादुरशहाने वसई व तिच्या ताब्यातील प्रदेश पोर्तुगीजांना दिला. त्यानंतर सुमारे दोन शतके येथे पोर्तुगीज अंमल होता. या काळात फ्रान्सिस्कन व जेझुइट मिशनऱ्यांनी धर्मप्रसार केला, चर्चे उभी राहिली, गावे पोर्तुगीज सरदारांना खंडाने दिली गेली. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने येथेच इंग्रजांशी तह केला आणि १८१८ पर्यंत पेशवाईचाच अस्त झाला. तीन सत्ता आल्या व गेल्या. वाड्या आणि वाड्यांत राबणारी माणसे तेथेच राहिली.

राज्य बदलले पण माणसे राहिली, ही वस्तुस्थिती १८४८ नंतरच्या मेक्सिकन लोकांच्या स्थितीशी मिळतीजुळती आहे. १७३९ ही घटना शालेय पाठ्यपुस्तकात विजय म्हणून येते आणि ते योग्यही आहे, कारण धर्मांध राजवटीखाली येथील हिंदू प्रजेने सोसलेला जाच खरा होता. परंतु त्याच दिवशी वसईचा ख्रिस्ती शेतकरी जेत्याच्या धर्माचा उरला नाही आणि पराभूतांबरोबर गोव्याला गेलाही नाही. शरणागतीच्या अटींत ख्रिस्ती प्रजेला धर्माचरणाची मुभा होती. मराठ्यांच्या राज्यात हा समाज कसा जगला, त्याचा सारा कोणाकडे गेला, गावच्या व्यवहारात त्याचे स्थान काय होते, हे प्रश्न अभ्यासक्रमात विचारलेच जात नाहीत. विजयाच्या कथेत तो नाही आणि पराभवाच्या कथेतही तो नाही.

मात्र साम्य येथेच संपते हेही नमूद केले पाहिजे. चिकानो समाजाची भाषा राज्याच्या भाषेहून वेगळी आहे. वसईचा ख्रिस्ती समाज मराठी भाषक आहे आणि मराठी हीच राज्याची भाषा आहे. वसईहून प्रसिद्ध होणारे 'सुवार्ता' मासिक मराठी आहे. त्याचे दीर्घकाळ संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तेव्हा येथील प्रश्न भाषिक परकेपणाचा नसून प्रमाण मराठीच्या सावलीत राहिलेल्या बोलींचा आहे.

नावाचा प्रश्न :

अभ्यासक्रमाला नाव काय द्यावे, हा प्रश्न गौण वाटला तरी तसा नाही. 'चिकानो' हा शब्द एकेकाळी हिणवण्यासाठी वापरला जाई. चळवळीने तो अभिमानाने स्वीकारला. वसई-मुंबईच्या ख्रिस्ती समाजाच्या बाबतीतही नावांचा इतिहास बोलका आहे. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात मुंबई परिसरातील स्थानिक ख्रिस्ती पुढाऱ्यांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव स्वीकारले. गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपले वेगळेपण दाखविणे व सरकारी नोकऱ्यांत आपला हक्क सांगणे, हा त्यामागील एक हेतू होता. वसईतील अनेक कुटुंबे मात्र स्वतःला कुपारी, सामवेदी ख्रिस्ती किंवा वाडवळ म्हणवितात. एका नावाखाली सर्वांना आणल्यास बाकीची नावे पुसली जातात.

याहून महत्त्वाची गोष्ट बोलींच्या संदर्भात आढळते. ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या मराठीविषयक सातव्या खंडात (१९०५) सामवेदी व वाडवळ या बोलींची स्वतंत्र नोंद आहे. यांपैकी सामवेदी अर्थात कादोडी बोली सामवेदी ब्राह्मण आणि सामवेदी ख्रिस्ती असे दोन्ही समाज बोलतात. वाडवळी बोलीही हिंदू व ख्रिस्ती या दोहोंची आहे. म्हणजे धर्माच्या आधारे अभ्यासक्रम आखला तर एकच बोली मधोमध कापली जाईल. म्हणून पापडी परिसरातील अभ्यासक्रमाचा पाया समाज किंवा धर्म हा नसून प्रदेश हाच असला पाहिजे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. प्रदेश हा पाया मानला तर अभ्यासक्रम कोणाचाच राहणार नाही, आणि चिकानो अध्ययन टिकले ते समाजाने त्याची मालकी घेतली म्हणून. हा आक्षेप निराधार नाही. त्याचे उत्तर असे की अभ्यासाची चौकट प्रदेशाची असावी, परंतु अभ्यास मंडळात, क्षेत्रकार्यात आणि साधनांच्या जतनात येथील प्रत्येक समाजाचा वाटा असावा. चौकट आणि वाटा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्यास दोन्ही हेतू साध्य होतात.

अभ्यासक्रमाची रूपरेषा :

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीनंतर महाराष्ट्रात पदवी अभ्यासक्रम श्रेयांकांवर आधारित झाला आहे. तीन वर्षांच्या पदवीसाठी १२० ते १३२ श्रेयांक असून मुख्य विषयासोबत गौण विषय, क्षेत्रप्रकल्प व समाजसंपर्क यांना स्वतंत्र स्थान आहे. एका श्रेयांकास सिद्धांताच्या १५ तासिका असतात. या रचनेत संपूर्ण पदवीचा आग्रह आरंभीच धरण्यापेक्षा सुमारे २० श्रेयांकांचा गौण विषय प्रथम सुरू करणे व्यवहार्य ठरेल. प्रत्येकी चार श्रेयांकांच्या पाच अभ्यासपत्रिका पुढीलप्रमाणे सुचविता येतील.

१) उत्तर कोकणची जडणघडण : १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी उत्खनन केलेला सोपाऱ्याचा स्तूप, तेथील अशोकाच्या आज्ञालेखाचा अंश, बंदराचा व्यापार आणि १५३४ पूर्वीची वस्ती. वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये संपादित केलेली महिकावतीची बखर येथे अभ्यासावी. बखरीतील वंशांच्या व स्थलांतरांच्या कथा जशाच्या तशा खऱ्या मानू नयेत आणि टाकूनही देऊ नयेत. आपण कोठून आलो याविषयी त्या काळचे समाज काय सांगत होते, याचा त्या पुरावा होत. अस्त्लानच्या बाबतीत झालेली गफलत येथे टाळता येईल.

२) तीन राजवटी, एक प्रजा (१५३४ ते १८१८) : सिमांव बोतेल्यो यांचे १५५४ चे महसुली दफ्तर, गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेल्या पेशवे दप्तरातील वसईविषयक पत्रे आणि जे. गर्सन द कुन्हा यांचा १८७६ चा चौल-वसईवरील ग्रंथ शेजारी ठेवून वाचावेत. एकाच गावाची पोर्तुगीज व मराठी कागदपत्रांतील नोंद विद्यार्थ्याने स्वतः ताडून पाहावी.

३) बोली आणि साहित्य : सामवेदी, वाडवळी, कोळी व वारली बोलींचा परिचय, लग्नगीते, म्हणी व कथा यांचे संकलन, पगार, चावी, पाव, नाताळ यांसारख्या पोर्तुगीजमधून मराठीत आलेल्या शब्दांचा प्रवास. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ मधील ख्रिस्तपुराणापासून वसईतील आजच्या लेखकांपर्यंतची परंपरा येथे समाविष्ट होईल. गावोगावच्या घरांत मुले इंग्रजी माध्यमाकडे वळली असल्याने बोलीतील ध्वनिमुद्रणाचे काम लांबणीवर टाकता येणार नाही.

४) जमीन, पाणी आणि श्रम : केळीच्या व पानवेलीच्या वाड्या, फुलशेती, सुकेळी, गोड्या पाण्याची बावखले, मिठागरे आणि मासेमारी. १८६७ मध्ये विरारहून मुंबईकडे उपनगरी गाडी धावू लागल्यानंतर या मालाला मिळालेली बाजारपेठ. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हरित पट्टा बांधकामास खुला होऊ लागला तेव्हा उभी राहिलेली हरित वसई चळवळ, १९९० मध्ये सिडकोची नियोजन प्राधिकरण म्हणून झालेली नेमणूक, २००९ मध्ये स्थापन झालेली महानगरपालिका आणि २९ गावे वगळण्यासाठी झालेले आंदोलन. पहाटेच्या गाडीने फुले व भाजी मुंबईच्या बाजारात नेणाऱ्या स्त्रियांचे श्रम हा या पत्रिकेचा केंद्रीय घटक असावा; त्यासाठी वेगळे प्रकरण जोडण्याची वेळ २६ वर्षांनी येऊ नये. त्याचप्रमाणे तालुक्याच्या पूर्व भागातील वेठबिगारीचा इतिहास आणि १९८० च्या दशकात श्रमजीवी संघटनेने केलेले मुक्तीचे कार्य वगळल्यास वाडीच्या हिरवेपणामागील सामाजिक विषमता झाकली जाईल.

५) क्षेत्रप्रकल्प : पापडी व आसपासच्या गावांत प्रत्यक्ष काम. कृपामातेचे चर्च हे १९९८ मध्ये स्थापन झालेल्या वसई धर्मप्रांताचे मुख्य चर्च आहे. चर्चमधील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदवह्या, मंदिरांचे व मशिदींचे कागद, सातबारा व फेरफार, जुनी छायाचित्रे आणि मौखिक मुलाखती ही साधने येथे उपयोगी पडतील. प्रत्येक विद्यार्थ्याने एका बावखलाचा, एका वाडीचा किंवा एका कुटुंबाच्या व्यवसायाचा इतिहास लिहावा आणि त्याची प्रत संबंधितांना परत द्यावी.

अडचणी आणि दक्षता :

या योजनेतील पहिली अडचण अध्यापकांची आहे. पोर्तुगीज भाषा व मोडी लिपी जाणणारे अध्यापक महाविद्यालयांत अत्यल्प आहेत. म्हणून इतिहास, मराठी, समाजशास्त्र, भूगोल व वनस्पतिशास्त्र या विभागांनी पत्रिका वाटून घ्याव्यात आणि मोडी वाचनाचा कौशल्य अभ्यासक्रम जोडीला चालवावा. दुसरी अडचण साधनांची. विद्यार्थ्यांनी जमविलेले साहित्य प्रकल्पवही तपासून झाल्यावर कपाटात जाते आणि काही वर्षांनी रद्दीत जाते, हा सार्वत्रिक अनुभव आहे. ग्रंथालयात त्याचे स्वतंत्र दालन नसल्यास संपूर्ण योजनेचा अर्थच उरत नाही.

तिसरी बाब दक्षतेची आहे. नोंदवह्यांतील मजकूर व्यक्तींच्या खासगी आयुष्याशी संबंधित असतो. जात, धर्मांतर व जमिनीची मालकी हे तीनही विषय आज वादाचे आहेत. लेखी संमती, नावे गुप्त ठेवण्याची मुभा आणि मुलाखत मागे घेण्याचा हक्क या गोष्टी विद्यार्थ्यांना क्षेत्रात पाठविण्यापूर्वीच शिकविल्या पाहिजेत. चौथी बाब विद्यार्थ्यांच्या संदर्भातील आहे. २०११ च्या जनगणनेनुसार वसई-विरारची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक होती आणि तीत बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांचा वाटा मोठा आहे. वर्गात बसणारा विद्यार्थी रत्नागिरीचा, जौनपूरचा किंवा कच्छचाही असेल. हा अभ्यासक्रम त्याला परका वाटला तर तो अयशस्वी ठरेल. त्याच्या कुटुंबाचे स्थलांतर हाही या प्रदेशाच्या इतिहासाचाच भाग मानून त्याला प्रकल्पात स्थान द्यावे.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. चिकानो अध्ययनाकडून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे समाजाने स्वतः लिहिलेला आराखडा आणि वर्ग व वस्ती यांतील देवाणघेवाण. टाळण्यासारख्या गोष्टी म्हणजे स्त्रियांचे विस्मरण, उगमकथेचे इतिहासात रूपांतर आणि एकाच नावाचा आग्रह. पापडी परिसरात बोली धर्माच्या सीमा ओलांडतात; म्हणून अभ्यासक्रमाची चौकट प्रादेशिक असणे शास्त्रीयदृष्ट्या आवश्यक आहे. आरंभ गौण विषयापासून करून, साधनसंग्रह उभा राहिल्यावर व अध्यापक तयार झाल्यावर पूर्ण पदवीचा विचार करावा.

या कामात वेळेला फार महत्त्व आहे. कागदपत्रे लिस्बनमध्ये, गोव्यात वा पुण्यात सुरक्षित आहेत आणि ती आणखी दहा वर्षांनीही वाचता येतील. परंतु रहाटावर पाणी काढलेला शेतकरी, कादोडीतील लग्नगीते तोंडपाठ असलेली आजी आणि बुजविल्या जाण्यापूर्वीचे बावखल पाहिलेला माणूस यांच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. म्हणून पाच पत्रिकांपैकी क्षेत्रप्रकल्पाची पत्रिका महाविद्यालयांनी सर्वप्रथम सुरू करणे योग्य ठरेल.